बसलेला गायक, उभं सभागृह

‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकी रॉक बँडचा शेवटचा कार्यक्रम १४ ऑगस्ट २०२२ला, रविवारी रात्री, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. तो शेवटचा ठरणार आहे, हे तिथे जमलेल्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटत होतं, ही तर सुरुवात आहे. अकरा वर्षांच्या खंडानंतर चौघे एकत्र आले होते. युरोपचा दौरा रद्द झाल्याचं कळलं होतं, पण अमेरिकेतले राहिलेले कार्यक्रम पुढच्या वर्षी व्हायचे होते. अडचण एकच होती. गायकाला चालता येत नव्हतं.

११ जुलैला शिकागोत, दौऱ्याच्या दुसऱ्याच कार्यक्रमात, गायक झॅक डी ला रोचाच्या डाव्या पायाचा अकिलीस स्नायुबंध फाटला. पोटरीला टाचेशी जोडणारा हा बंध गेला की उडी सोडाच, पाऊलही टाकता येत नाही. त्यानंतरचे सगळे कार्यक्रम त्याने बसून केले. न्यूयॉर्कमध्येही त्याला आधार देऊन आणलं आणि मंचाच्या मधोमध, वाद्यं ने-आण करायच्या काळ्या पेटीवर बसवलं. जखमी पाय पुढे पसरलेला, एका हातात माईक. नव्वदच्या दशकात हाच माणूस एका ओळीत दोनदा हवेत असायचा. आता तो बावन्न वर्षांचा होता. डोकं, खांदे आणि मोकळा हात एवढंच हलत होतं, पण ‘बॉम्बट्रॅक’ सुरू झालं आणि वीसेक हजारांचं ते सभागृह उभं राहिलं ते कार्यक्रम संपेपर्यंत बसलं नाही. बसलेला तेवढा तोच.

माझा भाचा एडिसनला राहतो. न्यू जर्सीच्या त्या पट्ट्यातून सकाळी न्यूयॉर्कला निघालेल्या लोकलमध्ये मराठी कानावर पडतंच. गाडी पेन स्टेशनला येते, आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डन बरोबर त्याच्या डोक्यावर आहे. जिना चढलं की दार. भाच्याने २०२० साली, करोना यायच्या जरा आधी तिकिटं काढली होती. तारखा पुढे गेल्या, पुन्हा पुढे गेल्या, तरी त्याने पैसे परत घेतले नाहीत. गाडीत त्याने मला विचारलं, “मावशी, तू यांना पहिल्यांदा कुठे ऐकलंस गं?” कॅसेटवर, मी म्हटलं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये मी ती कॅसेट हातात घेतली ती गाण्यांसाठी नव्हे, वरच्या फोटोसाठी. रस्त्याच्या मधोमध मांडी घालून बसलेला एक भिक्खू जळतो आहे आणि त्याची पाठ ताठ आहे. थिच क्वांग डुक, सायगाव, ११ जून १९६३. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने बौद्धांवर चालवलेल्या दडपशाहीविरुद्ध त्यांनी स्वतःला जाळून घेतलं. फोटो माल्कम ब्राउन यांचा. गाण्याच्या कॅसेटवर हा फोटो लावणारी माणसं कोण असतील, या प्रश्नापासून माझं ऐकणं सुरू झालं.

या वास्तूला अशा रात्रींची सवय आहे. १ ऑगस्ट १९७१ला इथेच रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. रविशंकरांसोबत सरोदवर अली अकबर खाँ होते आणि तबल्यावर अल्लारखाँ. तिकिटांतून आलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. पण तो कार्यक्रम करुणेचा होता. करुणेच्या कार्यक्रमाला सहसा कोणी आक्षेप घेत नाही. रेजचा कार्यक्रम रागाचा, आणि हा राग नाव घेऊन व्यक्त होणारा.

हा राग कुठून आला ते सांगायला हवं. बँड लॉस एंजेलिसमध्ये १९९१ साली जमला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या शहराच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर पाडून मारलं, आणि कोणीतरी ते चित्रित केलं. मारहाण साऱ्या जगाने पाहिली. २९ एप्रिल १९९२ला न्यायालयाने पोलिसांना सोडलं आणि शहर पेटलं. बँडचा पहिला अल्बम त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. त्यातलं ‘किलिंग इन द नेम’ हे गाणं पोलिसी गणवेश आणि गोऱ्या वर्चस्ववाद्यांचे पांढरे झगे यांच्यातलं नातं सांगतं, आणि शेवटी एकाच नकारावर येऊन थांबतं.

घरंही बघा. झॅकचे वडील बेटो डी ला रोचा हे मेक्सिकन-अमेरिकन चित्रकार, ‘लॉस फोर’ या गटातले. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या मोठ्या कलासंग्रहालयात या गटाचं प्रदर्शन झालं, तेव्हा चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, कलेला त्या दारातून प्रथमच प्रवेश मिळाला. गिटारवादक टॉम मोरेलोचे वडील केनियाचे मुत्सद्दी. आई मेरी मोरेलो शाळेत शिकवायच्या, आणि गाण्यांवरच्या सेन्सॉरशिपविरुद्ध त्यांनी पालकांची संघटना काढली होती. टॉम हार्वर्डमध्ये सामाजिक शास्त्रं शिकला आणि काही काळ एका सिनेटरच्या कचेरीत नोकरीला होता. राजकारण या मंडळींनी गाण्यावर वरून शिंपडलेलं नाही. ते घरातच होतं.

मोरेलोचे हात मी मोठ्या पडद्यावर बराच वेळ पाहत होते. पहिल्या अल्बमच्या आवरणावर त्यांनी छापलं होतं की यात सॅम्पल, कीबोर्ड, सिंथेसायझर काहीही वापरलेलं नाही. ते छापावं लागलं, कारण ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्याच्या गिटारवर तारांचं कंपन टिपणारे दोन पिकअप आहेत. एकाचा आवाज तो शून्यावर ठेवतो, दुसऱ्याचा पूर्ण. मधला खटका बोटाने सटासट इकडून तिकडे केला की सूर तुटत-तुटत येतो, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने तारा नुसत्या घासल्या की डीजेने तबकडी मागेपुढे केल्यासारखा आवाज निघतो. ‘बुल्स ऑन परेड’मधला तो तुकडा वाजला तेव्हा शेजारचा एक गृहस्थ स्वतःच्या पोटावर बोटांनी तोच खटका मारत होता. मोरेलोची ती जुनी गिटार जवळून पाहिली तर तिच्यावर हाताने लिहिलेलं दिसतं, बेघरांच्या हाती शस्त्रं द्या. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस तीच गिटार घेऊन उभा होता.

बास वाजवणाऱ्या टिम कॉमरफोर्डची प्रोस्टेट कर्करोगाची शस्त्रक्रिया दौऱ्याच्या थोडीच आधी झाली होती. हे त्याने नंतर सांगितलं. त्या रात्री त्याच्या वाजवण्यातून मला त्याची काहीही चाहूल लागली नाही. ड्रमवर ब्रॅड विल्क. चौघेच. ३१ वर्षांत एकही माणूस बदललेला नाही, ही रॉकमध्ये दुर्मीळ गोष्ट आहे.

न्यूयॉर्कला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असते. म्हणजे आम्ही सभागृहात होतो तेव्हा आपल्याकडे १५ ऑगस्ट उजाडला होता, स्वातंत्र्याला ७५ वर्षं पूर्ण होत होती, आणि ‘हर घर तिरंगा’चे फोटो आमच्या घरच्या गटावर एकामागोमाग येत होते. मला त्या वेळी या बँडची आणि त्यांच्या देशाच्या झेंड्याची गोष्ट आठवली. एप्रिल १९९६मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात त्यांनी आपल्या ॲम्प्लिफायरवर अमेरिकी झेंडे उलटे टांगले. उलटा झेंडा ही अमेरिकेच्या ध्वजसंहितेप्रमाणे घोर संकटाची खूण आहे. त्या दिवशीचे पाहुणे सूत्रसंचालक होते स्टीव्ह फोर्ब्स, कोट्यधीश आणि काही आठवड्यांपूर्वीपर्यंत राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले. ऐन प्रक्षेपणाच्या वेळी झेंडे ओढून काढले गेले. दोनऐवजी एकच गाणं झालं, आणि बँडला इमारतीबाहेर काढलं गेलं. देश संकटात आहे असं म्हणणं हेही देशावरचं प्रेम असू शकतं, हे मला त्यांच्याकडून पटलं. आजही पटतं.

ही मंडळी मंच कुठे बांधतात, ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०००मध्ये वॉल स्ट्रीटवर, शेअर बाजाराच्या पायऱ्यांसमोर त्यांनी एका गाण्याचं चित्रीकरण केलं. दिग्दर्शक मायकेल मूर. बाजाराला भर दिवसा आपले दरवाजे लावून घ्यावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. त्या सभागृहासमोर रस्त्यावर ते वाजवत होते आणि नंतर पोलिसांनी जमावावर रबरी गोळ्या झाडल्या. २००८ साली डेन्व्हरमध्ये त्याच पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी त्यांनी इराकमधून परतलेल्या युद्धविरोधी सैनिकांबरोबर मोर्चा काढला. आणि आठवड्याभरात रिपब्लिकन अधिवेशनाच्या वेळी मिनेसोटात पोलिसांनी मंचावर जाऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी गर्दीत उभं राहून भोंग्यावर गाणी म्हटली, वाद्यांशिवाय. दोन्ही पक्षांच्या दारात जाऊन गाणारे फार थोडे. झॅक तर मेक्सिकोतल्या चियापासमध्ये झापातिस्त बंडखोरांकडे वारंवार जायचा. १ जानेवारी १९९४ला, उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी उठाव केला होता. त्यांचा लाल तारा या बँडच्या मागच्या पडद्यावर वर्षानुवर्षं राहिला.

तरीही त्यांचं गाणं नको त्या हाती गेलंच. ‘राजकारण बाजूला ठेवा, संगीत बघा’ असं म्हणणारी माणसं मला आपल्याकडेही भेटतात, म्हणून यावर जरा थांबते. २०१२ साली उपाध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार पॉल रायन यांना हा बँड आवडतो असं पुढे आलं. मोरेलोने जाहीर लेख लिहून कळवलं की आमचा सगळा राग ज्या यंत्रणेवर आहे तिचेच तुम्ही मूर्तिमंत रूप आहात. नोव्हेंबर २०२०मध्ये फिलाडेल्फियात ट्रम्प यांचे समर्थक पोलिसांच्या बाजूचा झेंडा नाचवत ‘किलिंग इन द नेम’वर नाचताना दिसले. सर्वांत भयंकर ग्वांतानामोचा अमेरिकी लष्करी तुरुंग. तिथल्या कैद्यांना झोपू न देण्यासाठी, मोडण्यासाठी जी गाणी कानठळ्या बसतील अशा आवाजात लावली गेली, त्यांत या बँडचंही गाणं होतं. २००९ साली त्यांनी इतर संगीतकारांबरोबर मागणी केली की कोणाची गाणी कशी वापरली याचे सरकारी कागद उघड करा. दडपशाहीविरुद्धचं गाणं छळाचं हत्यार होऊ शकतं, कारण शब्द आणि अर्थ काढून घेतले की उरतो तो नुसता आवाज, आणि आवाज कोणाच्याही कामाला येतो.

हे आपल्याकडे घडत नाही असं नाही. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आपण सगळ्यांनी ऐकली आहे. विरहाचा पहिला भाग समारंभांत हौसेने गातात. पुढचा भाग संयुक्त महाराष्ट्राचा आहे, तुटून राहिलेल्या मुलखाचा, मुंबईतल्या श्रीमंत-गरिबांचा. तो कितीदा गातात? गिरणगावातल्या कामगारांसमोर उभं राहून ज्यांनी हे लिहिलं, त्यांना वातानुकूलित सभागृहात अर्धंच बोलू दिलं जातं. आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली, तिचं नाव ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आलेलं. त्याच ब्लॅक पँथरची आठवण या बँडच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा येते. रांगेत आमच्या पुढे नागपूरचा एक तरुण अभियंता होता. तो म्हणाला, “ताई, मला यांचे अर्धे संदर्भ बाबांच्या पुस्तकांच्या कपाटातून आधीच माहीत होते.” घरच्या कपाटातून आलेला श्रोता आणि नुसत्या ठेक्यावर नाचणारा श्रोता एकाच दारातून आत जात होते.

मग महागडं तिकीट काढून, बिअरचा ग्लास हातात घेऊन, मॅनहॅटनच्या मध्यावर ऐकलेल्या बंडाच्या गाण्याचं काय? हा प्रश्न मला रात्रभर सोडत नव्हता, आणि तो खरा आहे. रेजचे अल्बम पहिल्यापासून सोनीच्या कंपनीने काढले, हा आक्षेप त्यांच्यावर ३० वर्षं आहे. माझं मत असं की याचं उत्तर पैसा पुढे कुठे गेला यात शोधायचं. या दौऱ्यात काळाबाजार करणाऱ्यांना तोंड देण्यासाठी त्यांनी दहा टक्के तिकिटं मुद्दाम चढ्या भावाने स्वतः विकली आणि वरचा पैसा सामाजिक संस्थांना दिला. ९ जुलैला विस्कॉन्सिनमधल्या अल्पाइन व्हॅलीत दौरा सुरू झाला. त्याआधी पंधरा दिवस, २४ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने १९७३पासून असलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता. विस्कॉन्सिनमध्ये १८४९ सालचा कायदा पुन्हा जिवंत झाला आणि तिथली गर्भपात केंद्रं बंद पडली. त्या राज्यात, त्या आठवड्यांत, मागच्या पडद्यावर अक्षरं उमटली: या न्यायालयाचाच गर्भपात करा. त्याबरोबर माहितीही होती. श्रीमंत देशांत राष्ट्रीय पातळीवर पगारी बाळंतपणाची रजा नसलेला हा एकच देश. काळ्या स्त्रियांचा बाळंतपणातला मृत्युदर गोऱ्यांच्या दुप्पट-तिप्पट. विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये स्त्रियांच्या या हक्कासाठी काम करणाऱ्या संस्थांना त्यांनी ४ लाख ७५ हजार डॉलर दिले. घोषणा करणारे पुष्कळ असतात. घोषणेच्या गावातच पैसा ठेवून जाणारे कमी.

माझ्या शेजारी ओहायोहून आलेल्या, माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांच्या राज्यात निकालाच्या दिवशीच सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी लागू झाली. दहा वर्षांच्या एका बलात्कारपीडित मुलीला त्यासाठी शेजारच्या इंडियानात न्यावं लागलं, ही बातमी जुलैत साऱ्या अमेरिकेत गाजली होती. बाई म्हणाल्या, “मला दोन मुली आहेत. माझ्या विशीत मला जो हक्क होता तो त्यांना नाही.” आमच्याकडे गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१पासून आहे, असं मी सांगितलं तेव्हा त्यांना ते खरंच वाटेना. मला र. धों. कर्वे आठवले. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून त्यांनी नोकरी, प्रतिष्ठा, सगळं पणाला लावलं. हक्क एकदा मिळाला की तो राहतोच, हा आपला समज किती भाबडा आहे, ते त्या बाईंशी बोलताना कळत होतं.

पडद्यावरची ती अक्षरं विस्कॉन्सिनमध्ये ज्या गाण्याच्या वेळी आली ते ‘फ्रीडम’. मुळात ते लेनर्ड पेल्टियरसाठी आहे. अमेरिकी आदिवासींच्या चळवळीतला हा कार्यकर्ता दोन एफबीआय अधिकाऱ्यांच्या खुनाबद्दल १९७७ साली दोषी ठरला. खटला न्याय्य नव्हता असं म्हणणाऱ्यांत ॲम्नेस्टी इंटरनॅशनलही होती. गाणं आलं १९९२ला. मी ते न्यूयॉर्कमध्ये ऐकत होते तेव्हाही तो तुरुंगातच होता. फेब्रुवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याला बाकीची शिक्षा घरी भोगण्यासाठी सोडलं. लोक विचारतात, तीस वर्षं जुनी गाणी तुम्हाला शिळी नाही वाटत? गाणं ज्याच्याविषयी आहे तो माणूस त्या रात्रीही आतच होता, तर गाणं शिळं कसं होणार?

झॅक दोन गाण्यांच्या मध्ये फारसा बोलला नाही. शेवटी ‘किलिंग इन द नेम’ आलं. त्यातला तो नकाराचा भाग सुरू होतो तेव्हा आधी गायक एकटाच असतो, जवळजवळ पुटपुटत. मग प्रत्येक फेरीला आवाज चढत जातो. झॅकने एका क्षणी माईक खाली घेतला आणि सभागृह म्हणत राहिलं. खालच्या मोकळ्या जागेत माणसं वर्तुळ करून एकमेकांवर आदळत होती. कोणी पडला की चार हात लगेच त्याला उचलत होते. भाचा माझ्या बाजूला रडत होता. त्याच्या व्हिसाचं घोंगडं अनेक वर्षं भिजत पडलंय. एकेका कागदापुढे नको ते ‘हो’ म्हणत त्याने दिवस काढलेत. त्या दोन मिनिटांत तो पूर्ण आवाजात नाही म्हणत होता. असं जागच्या जागी ओरडून व्हिसा मिळत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यालाही. पण नाही म्हणायचा स्वर माणसाच्या गळ्यात शिल्लक राहावा लागतो, आणि तो राखायचं काम गाणं करतं, असं मी त्या रात्रीनंतर ठामपणे मानते.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून युरोपचा दौरा आधीच रद्द झाला होता. ऑक्टोबरात झॅकने दुखापतीचा फोटो टाकून कळवलं की त्या स्नायुबंधाचा अवघा आठ टक्के भाग शाबूत राहिला होता. २०२३च्या तारखाही गेल्या. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, पण सत्काराला एकटा मोरेलो गेला. जानेवारी २०२४मध्ये ब्रॅड विल्कने जाहीर केलं की हा बँड यापुढे दौरे करणार नाही, कार्यक्रमही करणार नाही.

२०२०च्या मूळ बेतात या पुनर्मीलनाची सुरुवात टेक्सासमधल्या एल पासोला होणार होती, मेक्सिकोच्या सीमेवर. ३ ऑगस्ट २०१९ला याच शहरातल्या वॉलमार्टमध्ये एका गोऱ्या तरुणाने मेक्सिकन लोकांना वेचून मारलं, २३ माणसं गेली. एल पासो, लास क्रूसेस आणि ग्लेनडेल या तीन कार्यक्रमांचा सगळा नफा स्थलांतरितांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांना द्यायचं बँडने जाहीर केलं होतं. करोनाने ते कार्यक्रम पुन्हा पुन्हा पुढे ढकलले गेले आणि दुखापतीने कायमचे गेले. न्यूयॉर्कला पाच रात्री मिळाल्या, एल पासोला एकही नाही.